इंग्रजी ल्यूट-गाणी गायची कशी: आधी कविता, मग चाल

टेबलावर एक मोठ्या आकाराचं पुस्तक उघडं आहे. डाव्या पानावर वरच्या आवाजाची चाल, तिच्याखाली शब्द आणि त्याखाली सहा रेघांवर ए, बी, सी अशी बारीक अक्षरं, ल्यूट या गिटारसारख्या छेडून वाजवायच्या तंतुवाद्यासाठी. उजव्या पानावर आणखी तीन आवाजांच्या ओळी आहेत, पण त्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापल्या आहेत. टेबलाभोवती चौघं बसली तर प्रत्येकाला आपली ओळ सरळ दिसावी, एवढ्यासाठी. ल्यूटवादक आणि संगीतकार जॉन डाउलंडचं 1597 साली लंडनमध्ये निघालेलं गाण्यांचं पहिलं पुस्तक असं होतं. त्यात 21 गाणी होती आणि ते इतकं खपलं की पुढच्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा छापावं लागलं. त्याच्या पाठोपाठ 1622 पर्यंत अशी तीसेक पुस्तकं आली आणि मग ही लाट ओसरली. जेमतेम पंचवीस वर्षांचा हा काळ. पण कविता आणि चाल एकमेकींना इतकी बिलगलेली फार कमी ठिकाणी सापडतात.

मी भावगीतं गात गात या गाण्यांपर्यंत पोचले. त्यामुळे हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे: ज्यांचा गळा तयार आहे, सूर पक्का आहे, इंग्रजी वाचता येतं, पण ही गाणी तोंडात नीट बसत नाहीत. या गाण्यांचं नोटेशन आणि जुन्या पुस्तकांची पानं इंटरनेटवर मोफत मिळतात. ती उघडून शेजारी ठेवा आणि पेन्सिल घ्या.

गाणं निवडताना

सुरुवातीला लहान गाणं घ्या. माझी शिफारस थॉमस कॅम्पियनच्या 'व्हेन टू हर ल्यूट कोरिना सिंग्ज' या गाण्याची. कॅम्पियन कवी होता, त्यानं पुढे 1605 मध्ये फ्रान्समधल्या काँ विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली आणि डॉक्टरकी केली. आपल्या कवितांना चाली तो स्वतःच लावायचा. ल्यूटवादक फिलिप रॉसेटरबरोबर 1601 मध्ये त्यानं काढलेल्या पुस्तकात हे गाणं आहे. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हटलंय की कवितेत जे स्थान चार ओळींच्या नेमक्या मुक्तकाचं, तेच संगीतात या गाण्यांचं: आटोपशीर आणि मुरलेलं असेल तेव्हाच ते उत्तम. शब्द आणि स्वर यांची प्रेमानं जोडी जुळवणं हा आपला मुख्य हेतू आहे, असं त्यानं पुढच्या एका पुस्तकात लिहिलं. कवी आणि संगीतकार एकच असल्यामुळे शिकणाऱ्याला त्याच्या गाण्यांत ही जोडी सगळ्यात स्वच्छ दिसते.

त्यानंतर डाउलंडचं 'कम अगेन', मग 'फ्लो माय टिअर्स'. 'इन डार्कनेस लेट मी ड्वेल' कितीही मोहात पाडो, त्याला निदान सहा महिने हात लावू नका.

पहिला आठवडा: गायचं नाही, बोलायचं

चाल ऐकूच नका, हे मी मनापासून सांगते. एकदा चाल कानात बसली की शब्द तिच्यामागे फरफटत जातात. कोऱ्या कागदावर कविता हातानं उतरवून काढा आणि मोठ्यानं वाचा. कोणाला तरी गोष्ट सांगतोय अशा आवाजात.

आपली खरी अडचण इथे आहे. मराठीत अक्षराचं वजन लघु-गुरूवर ठरतं. ऱ्हस्व अक्षर एक मात्रा, दीर्घ किंवा जोडाक्षरामागचं अक्षर दोन मात्रा. कुठल्या अक्षरावर जोर पडला यानं शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दात एक अक्षर ठसठशीत असतं आणि बाकीची आक्रसून जातात. आपण 'कोरिना' म्हणतो तेव्हा तिन्ही अक्षरांना सारखाच मान देतो. इंग्रजी कानाला 'रि' हवा असतो, 'को' आणि 'ना' त्याच्या कडेला उभे. 'रिव्हाइव्ज'मध्ये जोर 'व्हाइव्ज'वर. 'लेडन'मध्ये 'ले'वर, आणि पुढचा 'डन' जवळजवळ गिळलेला.

तर पेन्सिलीनं ठळक अक्षरांखाली रेघा मारा. पहिल्या ओळीत छंदाचा ठोका 'टू' या शब्दावरही येतो, पण बोलताना तिथे कोणी जोर देत नाही. रेघ 'ल्यूट', 'रि' आणि 'सिंग्ज' यांच्याखाली येईल. छंद एक सांगतो आणि बोलणं दुसरं, अशा जागा गोल करून ठेवा. गाणं तिथेच जिवंत होतं, कारण चांगल्या संगीतकारानं तिथे काय केलंय हे नंतर बघायचं असतं.

मग अर्थ. 'लेडन स्ट्रिंग्ज' म्हणजे शब्दशः शिशाच्या तारा. खऱ्या तारा शिशाच्या नव्हत्या. ल्यूटला आतड्याची तात लावत आणि पडदेही तातेचेच, दांडीभोवती बांधलेले. इथे शिसं म्हणजे जडपणा, निर्जीवपणा. कोरिनाच्या आवाजानं त्या मेलेल्या तारांत जीव येतो. पहिल्या कडव्याच्या शेवटी ती दुःखाचं गाते आणि तिच्या उसाशांनी तारा तुटतात. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्याच जागी कवीच्या काळजाच्या तारा तुटतात. दोन्ही कडव्यांची पाचवी ओळ 'स्पीक'वर संपते आणि सहावी 'स्ट्रिंग्ज डू ब्रेक'वर. पहिलं कडवं वाद्याबद्दल आहे आणि दुसरं माणसाबद्दल. म्हणजे कोरिना ज्या ल्यूटवर गाते ती ल्यूट स्वतः कवीच आहे. हे कळल्याशिवाय दुसरं कडवं गाण्यात अर्थ नाही. पुन्हा तीच चाल आली एवढंच ऐकणाऱ्याला वाटेल.

वृत्तांशी असलेलं खरं नातं

कॅम्पियनबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना विशेष भावेल. 1602 मध्ये त्यानं इंग्रजी कवितेवर एक पुस्तिका लिहून यमकावर टीका केली आणि ग्रीक-लॅटिनसारखी लघु-गुरूंची वृत्तं इंग्रजीत आणावीत असा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी कवी सॅम्युएल डॅनियलनं यमकाची बाजू घेऊन त्याला उत्तर दिलं. डॅनियलचा भाऊ जॉनसुद्धा ल्यूटवर गाणी रचायचा, त्याचं पुस्तक 1606 चं.

त्याआधी, 1601 च्या पुस्तकात, कॅम्पियननं 'कम, लेट अस साउंड' हे गाणं सॅफिक या जुन्या वृत्तात लिहून तशीच चाल लावली होती: गुरू अक्षराला लांब स्वर, लघूला त्याच्या निम्मा. शाळेत आपण शार्दूलविक्रीडित किंवा भुजंगप्रयात ज्या पद्धतीनं म्हटलं, तीच ही पद्धत. प्रयोग म्हणून हे गाणं जरूर गाऊन बघा. मराठी गळ्याला ते झटकन जमतं. आणि ते जमल्यावर लगेच लक्षात येतं की कॅम्पियनची बाकीची गाणी तशी का नाहीत. इंग्रजी शब्द मात्रांनी बांधले की ताठ होतात. त्यांना जोराच्या अक्षरांवर झुलायला मोकळीक हवी असते. हे त्याच्या कानाला ठाऊक होतं, पुस्तिकेत त्यानं काहीही लिहिलेलं असो.

उच्चार

यावर फार वेळ घालवू नका, पण तीन गोष्टी पक्क्या करा.

आपले ट आणि ड जीभ मागे वळवून येतात. इंग्रजी टी आणि डी दातांच्या किंचित मागे, हिरडीवर. 'टू टच' म्हणताना हा फरक लगेच कानात भरतो. दुसरं, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे ठेवा. 'वीप'साठी ओठ गोल करा, 'व्हॉइस'साठी खालचा ओठ दाताला लावा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: व्यंजन तारेच्या छेडीच्या जरा आधी यायला हवं आणि स्वर छेडीबरोबर. 'सिंग्ज'मधला 'स' आधी, 'इ' नेमक्या ठोक्यावर. हे जमलं नाही तर तुम्ही सतत मागे पडताय असं वाजवणाऱ्याला वाटत राहतं आणि तो बिचारा लय कमी करत जातो.

यमकंही तपासा. 'कम अगेन'मध्ये 'अगेन'चं यमक 'रिफ्रेन'शी आहे, म्हणून 'गेन' लांबवून म्हणा. पुढे 'डाय'चं यमक 'सिंपथी'शी जोडलंय. आज ते कानाला जुळत नाही, पण त्या काळी अशा शब्दांचा शेवट 'आय'च्या जवळ नेऊन म्हणता येत असे. काही गायक पूर्ण जुने उच्चार वापरतात. मी आजचे वापरते, फक्त यमकाच्या जागी थोडी वाकते. तुम्ही काहीही ठरवा, पण एका गाण्यात एकच पद्धत ठेवा.

आता चाल: चार स्वरांत काय काय मावतं

'फ्लो माय टिअर्स' आधी गाणं नव्हतंच. ती ल्यूटवर एकट्यानं वाजवायची रचना होती, पावान नावाच्या संथ नाचाच्या घाटाची. ती आधीच प्रसिद्ध होती. शब्द घालून ती डाउलंडच्या 1600 सालच्या दुसऱ्या पुस्तकात आली. तेव्हा तो डेन्मार्कच्या राजाच्या, चौथ्या ख्रिश्चनच्या, पदरी होता. पुढे 1604 मध्ये त्यानं याच सुरावटीवर सात पावान रचले.

या गाण्याची सुरुवात सरगमीत मांडते. 'ए'ला षड्ज मानलं तर पहिले चार स्वर सां, कोमल नी, कोमल ध, प. 'फ्लो'चा सां लांब, 'माय'ला नी आणि 'टिअर्स' ध-प असं घसरत खाली. अश्रू गालावरून ओघळावा तसे हे चार स्वर. मग गळा एकदम वर उडी घेतो: गं कोमल, रें, सां आणि शेवटी शुद्ध नी. दुसऱ्यांदाही उतरणच, पण वरून सुरू झालेली, आणि यावेळी शेवटी शुद्ध नी टोचतो. दोन ओघळ, दोन निषाद. एवढ्या आठ स्वरांवर युरोपभर लोकांनी आपापल्या रचना केल्या.

इथे आपल्याकडच्या गायकाला एक मोह होतो: जौनपुरी किंवा किरवाणीची आठवण येऊन स्वर आंदोलित करण्याचा. ते टाळा. या संगीतात खाली तंबोरा नाही. 'सा' कायम एकाच जागी बसलेला नाही, खालची स्वरसंगती दर ठोक्याला बदलते आणि तुमच्या त्याच स्वराचा रंगही त्याबरोबर बदलतो. स्वर सरळ, स्थिर लावा आणि रंग ल्यूटला भरू द्या. मला हे पटायला वर्ष लागलं. पटल्यावर मात्र स्थिर स्वरात केवढं काय ऐकू येतं, ते कळलं.

रचनेचे तीन भाग आहेत आणि प्रत्येक भाग दोनदा येतो. पहिला भाग दुसऱ्यांदा येतो तेव्हा शब्द बदलून 'डाउन, व्हेन लाइट्स' होतात, म्हणजे 'विझा, पोकळ दिव्यांनो'. 'डाउन' हा शब्द नेमका त्या उतरणीच्या सुरुवातीच्या लांब स्वरावर आलाय. पहिल्यांदा अश्रू वाहत होते, आता दिवे विझतायत, स्वर तेच. पहिल्यांदा 'फ्लो' मऊ सोडा, दुसऱ्यांदा 'डाउन'ला 'ड'चा छोटासा धक्का द्या. एवढा बदल पुरेसा आहे.

तिसऱ्या भागात 'हॅपी, हॅपी' येतं आणि इथे बहुतेकांचा चेहरा उजळतो. ओळ पूर्ण वाचा. ज्यांना नरकात असल्यामुळे जगाचा तिरस्कार जाणवत नाही ते सुखी, असं ती म्हणते. हा भाग दोनदा त्याच शब्दांनी म्हणायचा आहे. पहिल्यांदा बाहेर, त्या अंधारातल्या सावल्यांना उद्देशून. दुसऱ्यांदा स्वतःशी, कमी आवाजात. आणि लय सोडू नका. पावान चालत चालत करायचा नाच आहे. पावलं थांबली की शोक सुटतो आणि नुसतं रडगाणं उरतं.

विराम: 'कम अगेन'

या गाण्यावर मी सगळ्यात जास्त चुकले, म्हणून इथे थोडं थांबते.

पहिल्या कडव्याच्या मध्यात पाच तुकडे आहेत: टू सी, टू हिअर, टू टच, टू किस, टू डाय. पाहणं, ऐकणं, स्पर्श, चुंबन आणि मरण. मरण म्हणजे त्या काळच्या कवितेत प्रेमाच्या परमोच्च क्षणासाठी वापरलेला आडशब्द, हे श्रोत्यांना ठाऊक असायचं. प्रत्येक तुकडा दोन स्वरांचा, खालून वर उडी, आणि प्रत्येक पुढची उडी आधीच्यापेक्षा वरून सुरू होते. दोन तुकड्यांमध्ये विराम आहे.

मी सुरुवातीला ते विराम मींडेनं भरायचे. टू सी... ची मींड टू हिअरला नेऊन जोडायची, कानाला तेच गोड वाटायचं. माझ्याबरोबर ल्यूट वाजवणाऱ्या गृहस्थांनी काही न बोलता मला गप्प राहायची खूण केली आणि फक्त आपली बाजू वाजवून दाखवली. माझ्या प्रत्येक विरामात ल्यूट तीच उडी घेत होती! मी 'पाहणं' म्हणाले की तारा 'पाहणं' म्हणत होत्या. ती समोरची व्यक्ती होती, उत्तर देणारी, आणि मी तिला बोलूच देत नव्हते. त्या दिवसापासून विरामात मी श्वाससुद्धा आवाज न करता घेते.

आता दुसरं कडवं. त्याच पाच उड्यांवर शब्द येतात: आय सिट, आय साय, आय वीप, आय फेंट, आय डाय. मी बसते, उसासते, रडते, मूर्च्छा येते, मरते. स्वर चढत जातात आणि माणूस खचत जातो. पहिल्या कडव्यातले विराम उत्सुकतेचे होते, इथले दम लागल्याचे आहेत. आवाज पहिल्या कडव्यात प्रत्येक उडीला थोडा वाढवा. दुसऱ्यात उलट करा: स्वर वर जाऊ द्या आणि जोर काढून घ्या. वरचा स्वर कमी जोरात लावणं कठीण आहे, त्यासाठी रोज पाच मिनिटं हेच पाच तुकडे 'उ'कारात म्हणा. कडव्यांची गाणी गाण्याचं सगळं मर्म या दोन कडव्यांत आहे. एकदा ते हाताला लागलं की पुढची वीस गाणी सोपी होतात.

पुढची चार कडवी पुस्तकात स्वरांखाली नाहीत, नुसती खाली छापलेली आहेत, आणि तिथे एक पेच आहे. तिसऱ्या कडव्यात त्याच जागी 'हर स्माइल्स, माय स्प्रिंग्ज, दॅट मेक्स, माय जॉइज, टू ग्रो' असं येतं. मोजून दोन-दोन अक्षरांचे पाच तुकडे होतात, पण अर्थ तुकड्यांत नाही. 'दॅट मेक्स'नंतर विराम घेतला तर वाक्य मधेच लटकतं. शिवाय पुढची ओळ पहिल्या दोन कडव्यांपेक्षा आखूड आहे. माझं मत स्पष्ट आहे: मैफलीत पहिली दोनच कडवी गा. सहाही गायची असतील तर तिसऱ्यापासून विरामात श्वास घेऊ नका, मनात वाक्य चालू ठेवा, नजर एका जागी ठेवा, म्हणजे ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहील.

ल्यूट नसेल तर

नसेलच, हे गृहीत धरते. गिटार चालते, आणि चांगली चालते. तिसरी तार, जी 'जी'मध्ये असते, ती अर्ध्या स्वरानं उतरवून 'एफ शार्प' करा. तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. आता मोकळ्या तारा खालून वर जी, सी, एफ, ए, डी, जी अशा होतात, आणि हाच ल्यूटचा नेहमीचा मेळ. नायलॉनच्या तारांची गिटार घ्या, स्टीलची नको.

आता जुन्या पुस्तकातली ती अक्षरं थेट वाजवता येतात. सहा रेघा म्हणजे सहा तारा, सगळ्यात वरची रेघ सगळ्यात उंच तारेची. ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा, सी दुसरा. अक्षर ज्या रेघेशी ते तिथे छेडायचं. वरच्या दांड्या-झेंड्या लयीच्या. छपाईत सी बऱ्याचदा इंग्रजी आर-सारखा दिसतो, त्यानं गोंधळू नका. ल्यूटच्या सातव्या तारेचे काही खर्जाचे स्वर लागतील, ते एक सप्तक वर वाजवा.

पट्टीची काळजी करू नका. ल्यूट लहान-मोठ्या आकाराच्या असत आणि सगळ्यात वरची तार तुटणार नाही इतकी ताणून बाकीच्या तिच्यावरून लावा, असाच त्या काळचा सल्ला होता. म्हणजे कागदावरचा 'जी' आपल्या पांढरी पाचलाच बांधलेला नाही. कॅपो एक-दोन पडदे पुढेमागे सरकवा आणि तुमच्या गळ्याला जिथे शब्द सहज बोलता येतात ती पट्टी ठरवा. वरचे स्वर दाखवण्यासाठी पट्टी चढवू नका. शब्द कळेनासे झाले की पट्टी चुकली.

ल्यूटचा आवाज हळू आणि लवकर विरणारा. छेडलेला स्वर जन्मतो तेव्हाच मोठा, मग सतत मावळत असतो. गाणाऱ्यानं लांब स्वर फुगवत नेला तर खालची तार कधीच विरून गेलेली असते आणि तुम्ही हवेत लटकता. लांब स्वर तारेबरोबर थोडा कमी होऊ द्या. माइक शक्यतो नको. पंधरा-वीस माणसं बसतील अशी खोली, खिडक्या बंद, पंखा बंद. इतक्या जवळ बसलेल्या माणसाला मोठ्यानं सांगायचं काहीच नसतं.

सजावट आणि अभिनय

सजावट त्या काळी व्हायची. काही हस्तलिखितांत सजवलेल्या चाली लिहून ठेवलेल्या सापडतात. पण आपला गळा हरकती-मुरक्यांत वाढलेला असल्यानं मी उलटा नियम पाळते: पहिल्यांदा भाग येतो तेव्हा एकही नाही, पुन्हा येतो तेव्हा एक किंवा दोन, तेही ठळक अक्षरावर आणि ओळीच्या शेवटाजवळ. कच्च्या अक्षरावर मुरकी घेतली की इंग्रजी शब्द ओळखूच येत नाही.

शब्दाशब्दाचं चित्र स्वरांत काढायच्या हौसेला 1601 च्या प्रस्तावनेत चांगलाच टोला आहे. जुन्या विनोदी नाटकांतले नट 'मला आठवतं' म्हणताना डोक्याच्या मागच्या भागाकडे बोट दाखवायचे आणि 'मी बघतो' म्हणताना डोळ्यात बोट घालायचे, तसलाच हा प्रकार, असं तिथे म्हटलंय. म्हणून 'साय' आला की उसासा, 'वीप' आला की रडवेला आवाज, हे करू नका. चाल ते आधीच करते आहे. तुम्ही वाक्य कोणाला उद्देशून म्हणताय एवढंच मनात धरा. हात मांडीवर राहू द्या.

लय बदलते तेव्हा

'कॅन शी एक्स्क्यूज माय राँग्ज' हे गाणं वेगवान गॅलियार्ड नाचाच्या ठेक्यावर आहे. आपल्या दादऱ्यासारख्या सहा मात्रा धरा. त्या कधी तीन-तीन अशा पडतात आणि कधी दोन-दोन-दोन. आधुनिक छापील प्रतींतल्या उभ्या रेघा हे लपवतात, कारण त्या ठरावीक अंतरावर घातलेल्या असतात. गाणं पाठ होईपर्यंत त्या रेघा खोडून टाका. एका हातानं मांडीवर तीनचे ठोके द्या आणि ओळ बोला, मग दोनचे देऊन तीच ओळ बोला. जिथे जीभ मोकळी होते तो ठेका त्या जागी खरा. तक्रार करणारा प्रियकर एका दमात आर्जव करतो आणि दुसऱ्या दमात भांडतो, ते या मोडक्या ठेक्यातून ऐकू येतं. ताल दाखवून सम गाठायची सवय इथे सोडावी लागते. समेऐवजी वाक्याचा शेवट गाठायचा.

आणि शेवटी अंधार

'इन डार्कनेस लेट मी ड्वेल' 1610 मध्ये डाउलंडच्या मुलानं, रॉबर्टनं, काढलेल्या संग्रहात आलं. यात कडवी नाहीत, दोनदा म्हणायचे भाग नाहीत. शब्द जिकडे नेतील तिकडे चाल जाते. आधी बराच वेळ एकटी ल्यूट वाजते. तेवढ्या वेळात गायकानं हलायचंही नाही. 'जॅरिंग' या शब्दाशी स्वर खरोखर एकमेकांवर घासतात. तिथे गोड गाऊ नका आणि ओरडूही नका, सूर नेमका लावला की घर्षण आपोआप होतं.

याची तयारी मागून पुढे करा. शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा, ती आली की तिच्या आधीची जोडा. कारण शेवटी पहिलीच ओळ परत येते, 'मला अंधारात राहू दे', आणि गाणं तिथेच थांबतं. पूर्ण झाल्यासारखं न वाटता थांबतं. प्रत्येक गायकाला तिथे लय कमी करून, आवाज हळूहळू मिटवून शेवट गुंडाळावासा वाटतो. मनात लय आहे तशी चालू ठेवा, 'ड्वेल'चा 'ल' जिभेवर येताच सोडून द्या, आणि ल्यूटवाल्याला आधीच सांगून ठेवा की तारांवर हात ठेवून आवाज बंद करायचा नाही. तार विरेपर्यंत दोघांनीही तसंच बसून राहायचं.